टरफल

उदगीरच्या डाळमिलमध्ये बावीस वर्षं खुर्चीत बसून
मी टरफलाचा हिशेब ठेवला.
तुरीवरनं निघतं, चुनीत जातं, चुनी म्हशीला.
डाळ पॉलिश होऊन चकाकते,
बाहेरचा व्यापारी चिमटीत धरून वा म्हणतो.
म्हशीचं पोट बिघडल्याचं
अजून कुणी सांगितलेलं नाही.

आप्पांना रक्त पडायचं.
हे ते गेल्यावर कळलं, आईकडून,
तेही ती भांडी घासत असताना, माझ्याकडं पाठ करून.
नाक्याच्या भिंतीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं,
मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन, गॅरंटी.
गॅरंटीच्या पुड्या आप्पांनी सहा वर्षं घेतल्या
ताकातून.
धोतर तेवढं स्वतः धुवायला लागले होते.
आम्हाला वाटलं, वय झालं की माणूस टापटीप होतो.

मग विश्वंभरदादा. अठ्ठेचाळीसचा.
वजन उतरलं तेव्हा गल्ली म्हणाली, बरं झालं, ढेरी गेली.
लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खाटेशेजारी मला विचारलं,
भावंडं किती?
तीन.
मग उरलेल्या दोघांनी वाट बघायची नाही, त्या म्हणाल्या,
काही होत नसलं तरी यायचं.

तंबाखू?
खिशातली डबी मी हातानं झाकली.
दारू? मटण?
लिंगायत आहोत, मी जरा ताठ बसलो.
आतड्याला जात कळत नाही, त्या लिहीत राहिल्या.
चालणं? मिलच्या गेटपर्यंत.
भाजी रोज?
बटाटा धरून का, मी विचारलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

तपासणीच्या आदल्या रात्री
खारट लिंबाच्या चवीचं पाणी, तांब्यावर तांब्या.
महानंदा संडासाबाहेर स्टूल टाकून मोजत बसली.
अकरा.
बारा.
लग्नाला सतरा वर्षं झाली,
हा विषय आमच्यात पहिल्यांदा निघाला होता.
तेरावा, ती म्हणाली,
आणि जीभ चावली.
मग दाराच्या दोन्ही बाजूंनी आम्ही
शेजारी जागे होतील इतकं हसलो.
पहाटे पाणी वरणाच्या वरच्या निवळीसारखं आलं.

मला झोपवलं होतं. फोटो नंतर दाखवला.
ओला, गुलाबी, वळत गेलेला बोगदा,
आणि भिंतीला जोंधळ्याच्या दाण्याएवढा
एक कोंब.
काढला, त्या म्हणाल्या, जेवण सांगावं तशा.
त्याला अजून नाव नव्हतं.
दहा वर्षं तिथंच राहिला असता तर कदाचित मिळालं असतं,
दादाला मिळालं ते.
आप्पांना तर नावही मिळालं नाही.

आता मी किल्ल्यापर्यंत चालत जातो.
सालीची डाळ घरी नेतो तेव्हा हमाल बघत राहतात,
मुनीमजीचं डोकं फिरलं.
डबी वॉचमनला देऊन टाकली.
त्यानं ती घेतली,
याचं अजून वाईट वाटतंय.

राहिली देगलूरची अक्का.
तीन दिवस फोन हातात घेतला आणि ठेवला.
चौथ्या दिवशी सोयाबीनचा भाव झाला,
भाच्याची नोकरी झाली, दादाच्या ऑपरेशनची तारीख झाली.
मग घसा खाकरून, वहीतली तूट मालकाला सांगावी तसं,
अक्का, परसाकडंला रक्त पडतंय का गं?

तिकडं कुकरची एक शिट्टी.
दुसरी.
कामून इचारलास?
दादाचं तसंच होतं. आप्पांचं पण.
दार लोटल्याचा आवाज आला.
कुकर लांब गेला. मग अगदी हळू,
दोन वर्सं झालं. पुड्या घ्यायले.
गॅरंटीच्या.

मला काही बोलता येईना.
तीच म्हणाली, बरं झालं बाबा, इचारलास.
आणि थोड्या वेळानं,
तिथं डॉक्टर बाई हाय का रे?

बाईच हाय, म्हणलं.
सकाळची पहिली गाडी धर.