रकाना तिसरा : व्यवसाय

तहसीलसमोरच्या लिंबाखाली
तेवीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितो.
वारस, फेरफार, जळालेलं रेशन कार्ड,
बायको नांदायला येत नाही,
सगळं वीस रुपयांत, शाईसकट.
आमच्याच संस्थेचा नमुना भरायला बसलो
आणि तिसऱ्या रकान्यात अडकलो.

नाव. वय. व्यवसाय.

अंजम्मा येमूल. वय ती सांगत नाही.
विड्या वळते, असं लिहू?
की सरकीच्या जुन्या गोदामात
चौदा लुगड्यांचा पडदा शिवून
उजेडात धरते, भोक कुठं राहिलं बघते,
आणि सुईला तेलुगूत शिव्या देते, हे?
"घरकाम लिव्ह की," ती म्हणाली,
"सरकारला तेवढंच कळतंय."

शकूर मिस्त्री शटर दुरुस्त करायला आला होता.
आत राजा रडत होता
आणि राजाच्या तोंडावर उजेड नव्हता.
शकूरनं तेलाचा पंधरा किलोचा डबा कापला,
आत बल्ब बसवला.
राजा दिसला.
त्याला सहा वर्षं झाली.
शटर अजून आम्ही दोघं मिळून उचलतो.

सुगंधा एडके, नर्स, ग्रामीण रुग्णालय.
हिचं सोपं, शिक्क्यासकट मिळालं.
रात्रपाळी करून येते, डोळे लाल,
आणि सगळ्यांना मरायला शिकवते.
"असं नाही मरत कुणी.
हात आधी थकतात. मग नजर.
घाई करू नका."

गुरलिंगअप्पांची पिठाची गिरणी.
पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवत जन्म गेला,
त्यांना कुजबुजायचं काम आम्ही देत नाही.
जमनाबाई दसऱ्यानंतर तांड्यासोबत उसाला जाते,
म्हणून आमचं नाटक श्रावणात.
देगलूरला कुणी विचारलं, श्रावणातच का,
तर आम्ही काहीतरी धार्मिक सांगतो.

सहावा दशरथ तेलंगे, क्लॅरिनेट.
चाळीस वर्षं वरातीपुढं चालत वाजवलेलं.
खुर्चीवर बसवला
तरी पाय खाली चालतच राहायचे.
"व्यवसाय? चालणं लिहा," म्हणाला, आणि हसला.
मी 'वादक' लिहिलं. चुकलं माझं.

सातवा मी.

नांदेडच्या बाबूनं आडनावं वाचली,
चष्मा काढून परत वाचली.
"तुम्ही लोक एकमेकांचे कोण?"
असा रकाना नमुन्यात नव्हता.
म्हटलं, साहेब, गोदाम गळतं.
कोरडा कोपरा एकच आहे.

अकरा महिन्यांनी प्रमाणपत्र आलं.
लेंडीकाठ कलामंचचं
लेंडीकाठ कालामंच झालेलं. एक काना जास्त.
शकूरनं वंगणाचे हात पुढं केले,
"काला? सही तो लिखा है."
अप्पा गरजले, राहू दे तसंच,
काल्यात कोण विचारतं कुणाचं दही?
अंजम्मा एवढी हसली की सुई हरवली.

मग कुणीतरी खालची नावं वाचायला घेतली
आणि पाचव्यावर थांबलं.

दशरथ पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला.
सुगंधा उशाशी होती.
तिनं त्याला काही शिकवलं नाही.

विश्वस्त मयत झाल्यास
नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो.
असे मी शेकड्यानं लिहिलेत, झोपेत लिहीन.
हा माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे,
नाव घातलंय, तारीख नाही.
मुदत काल संपली. दंड किती, तेही मला पाठ आहे.

काल तालमीत वरातीचा प्रवेश होता.
आम्ही मुक्यानंच चाललो,
खुर्चीला वळसा घालून.
ती कुणी हलवत नाही.
तिच्याखाली फरशी दोन जागी घासली आहे,
टाचांएवढी.