खालचा बाक

दहावीच्या निबंधात मी एका थोर माणसाचं नाव लिहिलं होतं.
'माझा आदर्श'. वीसपैकी सोळा.
निबंध गाईडातला होता,
थोर माणूसही गाईडातलाच.

झुलाल आप्पा पुढल्या वर्षी भेटले,
नंदुरबारला, ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशाळेत.
खाकी शर्ट, खिशात ड्रॉपर,
हुद्दा: परिचर.
म्हणजे नळ्या धुणारा, स्पिरिटचा दिवा पेटवणारा,
सर यायच्या आधी आलेला
आणि सर गेल्यावर उरलेला माणूस.

आई पथारीवर मिरचीचे देठ खुडायची.
रविवारी मीही.
सोमवारी प्रॅक्टिकल. बोटं पेटलेली,
चुकून डोळा चोळला की संपलंच.
आप्पा काही विचारायचे नाहीत.
कपाटाच्या तळातून एक बाटली काढायचे,
अख्ख्या प्रयोगशाळेत लेबल नसलेली ती एकच.
आत गोडंतेल.
"चोई ले. मंग बुरेटले हात लाव."

बुरेट मी उभ्यानं वाचायचे, वरून, घाईत.
"वरतून नको देखू, आंडेर.
पानी वाकेल शे. त्याना खालना बाक देख.
डोया त्याना बराबर लई ये."

मी फरशीवर गुडघे टेकले.
काचेत पाणी खरंच वाकलेलं होतं,
जुन्या खाटेला पडतो तसा झोळ,
आणि झोळाच्या तळाशी टेकलेली एक रेघ.
चोवीस पूर्णांक तीन.
हा आकडा फळ्यावर नव्हता.
कुणीच मला दिलेला नव्हता.

बाटल्यांवरची इंग्रजी लेबलं आप्पांच्या हातची,
छापल्यासारखी.
बारावीच्या दिवाळीआधी लक्षात आलं:
एका 'एन'ची तिरपी रेघ उलट्या बाजूला झुकलेली.
मग दुसऱ्या बाटलीवरही. मग सगळीकडे.
आप्पांना ती लिपी येत नव्हती.
जुनं लेबल समोर ठेवून ते अक्षरं काढायचे,
जसं कुणी मनगटावर गोंदण काढावं.
आम्ल त्यांना वासानं कळे,
क्षार चिमटीतल्या खरखरीनं.
मी कुणाला बोलले नाही.
फक्त वहीच्या मागच्या पानावर
उलटा 'एन' काढून पाहिला काही दिवस.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी
गेल्या वर्षीचा आकडा लिहिला.
माझा वेगळा येत होता. तीनदा वेगळा.
आप्पा खिडकीशी परीक्षानळ्या पुसत उभे.
मी पाहिलं. त्यांनी पाहिलं. पुसत राहिले.
"जे दिखस तेच लिख,"
हे त्यांनी कधीतरी एका मुलाला सुनावलं होतं,
मला नाही. माझ्या फक्त कानावर पडलेलं.
तेच लिहिलं. चार मार्क गेले.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेले तर म्हणाले,
द्रावण त्या दिवशी पातळ झालं होतं,
मीच भरलेलं. तुझं बरोबर होतं.
मान खाली घातली नाही, माफीही मागितली नाही.
पेढ्याचा अर्धा तुकडा परत माझ्या हातावर ठेवला.

आता मी धुळ्याला पाणी तपासते,
साक्रीचं, शिरपूरचं, कुठल्या कुठल्या बोअरचं.
यंत्र आहे. आकडा आपोआप उमटतो.
कधी एखाद्या नमुन्यामागे फोन येतो,
"मॅडम, पिण्यायोग्य लिहून टाका ना,
टाकीचं उद्घाटन परवा आहे."
तेव्हा मी कपाटातली काचेची बुरेट उतरवते,
यंत्रावर अविश्वास म्हणून नाही,
स्वतःला खाली बसवायचं म्हणून.
गुडघे हल्ली कुरकुरतात.

तळोद्याची सेवंती वळवी नवीन लागलीय.
दारात थांबून विचारते,
"मॅडम, फरशीवर का?"
मी थोडी सरकते.
ये, म्हणते.
आधी बोटं दाखव.