पोटखराबा

अर्जाच्या सतराव्या पानावर विचारलंय:
सदर ठिकाणी तळे होते, याचा पुरावा काय?

तळं म्हणजे आता चौथ्या शेतातला एक खोलगटपणा.
तिथली बार्ली सगळ्यांच्या आधी पिवळी पडते,
आणि नोव्हेंबरात ट्रॅक्टरचं चाक रुतलं
की यशोधनच्या तोंडून थेट सांगोल्याची शिवी निघते.
नॉरफोकच्या या सपाट गावात ती कुणाला कळत नाही.
कावळ्यांना कळत असावी. उडतात.

सरकार म्हणे तळी परत खणायला पैसे देतं.
हे मला पशुखाद्याच्या दुकानात एका बाईनं सांगितलं,
खांद्यावर पेंडेचं पोतं, श्वास जराही चढलेला नाही:
झुडपांच्या कुंपणाला मीटरवर, तळ्याला नगावर,
पाखरांसाठी उभं ठेवलेल्या पिकाला हेक्टरी.
घरी येऊन बसले. पासवर्ड. विसरलेला पासवर्ड.
नकाशावर आमची शेतं उमटली,
प्रत्येकाच्या पोटात एक आकडा, चार दशांश स्थळांपर्यंत.

अण्णा तलाठी होते.
त्यांच्या सातबाऱ्यावर एक नोंद असायची, पोटखराबा:
ओढ्याचा काठ, खडकाचा तुकडा, पाणी साचून राहणारा कोपरा,
जमिनीच्या पोटातलं, पण पिकाच्या कामाचं नसलेलं.
ते ती बारीक अक्षरात लिहीत,
घरातलं कुणी नापास झाल्यासारखी.
मी फॉर्मभर तो शब्द शोधला.
‘अपात्र क्षेत्र’ सापडलं. त्याला पोट नव्हतं.

शेजारचे रेगी लारवुड, वय चौऱ्याऐंशी,
बूट दाराबाहेर काढून आत आले.
‘तळं? मी बुडालोय त्यात.’
मी लिहिलं: साक्षीदार, श्री. लारवुड, प्रत्यक्ष बुडालेले.
हेल्पलाइनवर बत्तीस मिनिटं पियानो वाजला,
मग एक तरुण आवाज, अगदी नम्र:
आठवण चालत नाही हो. कागद लागतो.

गुरुवारी रेगी बिस्किटांचा डबा घेऊन आले.
आत रेशनची पुस्तकं, एका घोडीचा फोटो,
आणि घड्यांवर फाटलेलं एक पत्र, एकोणीसशे त्रेसष्टचं.
मंत्रालयाकडून, त्यांच्या वडिलांच्या नावे:
एक तळे बुजवल्याबद्दल
व दोनशे दहा यार्ड कुंपण उपटल्याबद्दल
अनुदान मंजूर.

आम्ही तिघंही थोडा वेळ चहाच पीत राहिलो.
‘तेव्हा सरकारला तळी नको होती,’ रेगी म्हणाले.
‘त्या पैशांतून आईला शिलाई मशीन आलं.
चांगलं होतं. अजून चालतं.’

पत्र स्कॅन केलं. फाइल फार मोठी आहे, असं उत्तर आलं.
लहान केली. बुजवल्याचा कागद
खणण्याच्या अर्जाला जोडला.
क्षेत्रफळ: अडीचशे चौरस मीटर.
फोनवर अण्णांनी मनातल्या मनात भागलं,
‘म्हणजे अडीच गुंठे. लपवू नकोस, नीट लिही.’
रात्री अकरा चाळीसला पोच आली,
उत्तराला बारा आठवडे, कदाचित जास्त.

आज सात आठवडे झाले.
सकाळी खिडकीतून पाहिलं, रेगी त्यांच्या कुत्रीला घेऊन
आमच्या चौथ्या शेतातून घरी चाललेत.
बार्ली घोट्याएवढी. वाट मोकळी, सरळ.
मध्यावर येऊन ते डावीकडे वळले,
एक मोठा, वाकडा अर्धगोल काढून
पलीकडे परत आपल्या रेषेत आले.
कुत्रीही त्यांच्या मागून तशीच,
तिचा जन्म तर परवाचा.

पाच वर्षं मी हे बघतेय.
वाटायचं, गुडघ्याचं काहीतरी असेल.