गोल बुडाची बाटली

शनिवारचा बाजार उरकून तो थेट आमच्या गल्लीत आला,
मष्णू घाडी, पेन्शनीतला हवालदार, खानापूरकडचा.
काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी.
आईनं विचारलं, "कोंबडी हाय काय वो?"

पोतं सोडलं तर बाटली निघाली.
मान लांब, पोट दुधी भोपळ्याएवढं
आणि बूड गोल.
खाली ठेवली की कलंडायची.
अंगावरचं गवत उंदरांनी खाल्लेलं,
एका बाजूला चार काड्या तेवढ्या लोंबत होत्या.
"इटलीची हाय," तो म्हणाला. "हिला बसवून दे."

मी नऊ वर्षांचा. कामट्या भिजत घालायचं काम माझं.
बाटली उन्हाकडं धरली तर
हिरव्या काचेत काळपट लाल काहीतरी हललं.

"दारू?"
"वाईन. लाल. कोरडी."
आई कोयता थांबवून हसली.
"पातळ असून कोरडी? आमास्नी येडं समजलासा?"

मग त्यानं सांगितलं:
काजूचं बोंड अर्धकच्चं चावलं की
जीभ कशी टाळूला चिकटते, घसा धरतो,
तशी.
त्यावर जांभळाच्या बीचा तुरटपणा,
आणि गिळून झाल्यावर, मागाहून,
चुलीतल्या राखेवर पाणी शिंपल्याचा वास.
गोडाचा टिपूस नाही.
"तिकडं जेवताना पितात. आपण कट पितो तसं."

टेकडीवरचं गाव. नाव त्याला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.
तळघरातून एक म्हातारा वर आला, हात वर करून,
दोन्ही हातांत दोन बाटल्या.
"बॉम्ब हायत म्हणून गोळी घालणार होतो बघ त्याला.
म्हातारा हसालता."

आई मोजत होती.
टाके ती कन्नडात मोजायची, मोल मराठीत करायची.
ओंदु, एरडु, मूरु,
पोटाभोवती कामटी फिरत मानेपर्यंत गेली.
शेवटी बुडाखाली तिनं जाड कडं वळलं,
पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर घेतो
त्या चुंबळीसारखं.
हात काढला.
बाटली उभी राहिली.

हवालदारानं खिशातला चाकू काढून बूच कोरलं.
वीस वर्षांनी.
वास आला तो फडताळात विसरलेल्या लोणच्याचा.
आईनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.
"आंबून गेलंय की वो!"
त्यानं मात्र मोठा घोट घेतला
आणि तो बराच वेळ गालात धरून ठेवला.

"हीच काय ती चव?" मी विचारलं.
"मला काय ठावं," तो म्हणाला.
"यल्लम्माची आण घेऊन गेलतो, दारू शिवणार न्हाई.
दुसरी बाटली बाबू गुरवानं पिली.
मी इचारलं, कशी हाय रे?
त्यानं सांगितलं, तेच आजवर सांगत आलो.
बोंड, जांभूळ, राख.
दुसऱ्या दिशी तो पुलावर गेला."

पुढं तो बोलला नाही.
आईनं मजुरी सव्वा रुपया सांगितली.
एरवी दीड घ्यायची.

आंबलेलं पाणी तो आमच्याकडंच ओतून गेला,
रिकामी बाटली तेवढी काखेत.
आईनं ते कामट्यांच्या पिंपात टाकलं.
त्या साली बांबूला भुंगा लागला नाही.
धुरीमुळंही असेल.

मागच्या महिन्यात कॅम्पातल्या हॉटेलवाल्यानं
साठ बाटल्या पाठवल्या, सपाट बुडाच्या.
आत दिवे सोडणार म्हणे, वरून शोभेला विणून द्या.
सगळ्या आपल्या आपण उभ्या राहतात,
चुंबळ कशाला पाहिजे?
तरी मी वळतो. बोटं ऐकत नाहीत.
बिलात धरत नाही.

एक बाटली चुकून अर्धी भरलेली आली होती,
लाल, तिकडचीच, लेबलावर काळा कोंबडा.
ओसरीवर बसून फुलपात्रात ओतली.
बोंड लागलं. जांभूळ, थोडंसं.
राख कुठं येते ते बघता बघता
दोन घोट जास्तच झाले.