उवेएवढी रेघ

आमच्या भाषेत स्वर तीनच. आ, इ, उ.
तीन दगडांची चूल. तिच्यावरच सगळं शिजतं,
शिव्या, सोयरिकी,
धुक्यात हरवलेल्या अल्पाकाला मारलेली हाक.
पुस्तकातल्या स्पॅनिशला पाच लागतात.
वरचे दोन, ए आणि ओ,
मी दर मार्चमध्ये पोरांना पाजते,
नाक दाबून पाजावं तसे.

मलाही असेच पाजले होते.
मेसा म्हणजे टेबल, मिसा म्हणजे चर्चमधली प्रार्थना.
मी लिहिलं होतं, आई मिसावर पाव ठेवते.
गुरुजी हसले, मग वर्ग हसला,
मग छडी.
अजून कधीतरी भांडी घासताना वाटतं,
त्या वाक्यात तसं चुकलं काय होतं?

आमची शाळा गावाच्याही वर, पुढे फक्त गवत आणि वारा.
गारा आल्या की पत्र्याचं छप्पर शिकवतं, मी गप्प.
फळ्यावर लिहायचं, पोरांनी नुसते ओठ हलवायचे.
सगळ्यांत छान वाचतात ती तेव्हाच.
चुकली तरी कुणाला ऐकू येत नाही.

परवा विषय दिला : घरातलं एक माणूस.
एदुविना पारिओना, दुसरीतली,
नखांत माती, पेन्सिल बोटाहून आखूड.
दोनच ओळी लिहून वही आणून दिली.

माझा पापा जमिनीखाली आहे.
मे महिन्यात वर येईल.

पापा म्हणजे बटाटा.
शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर
उवेएवढी तिरकी रेघ दिली, की बाप.
रेघ नव्हती.
लाल पेन उघडलं आणि तसंच धरून बसले.

आमच्या डोंगरात जमिनीखाली असण्याचे प्रकार फार.
माझा मामा नेमका कुठल्या उतारावर आहे
हे तीस-चाळीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.
आजी दर वर्षी नवीन जागा दाखवायची.
मे महिन्यात वर येईल
असं मात्र तीही म्हणाली नव्हती.

पोरीला जवळ बोलावलं,
आमच्या तीन स्वरांत विचारलं,
कोण गं खाली?
‘तायता,’ ती म्हणाली. घरी बापाला तायताच म्हणतात.
‘खाणीत असतो. जस्त काढतो.
मग बटाटे काढायला येतो.’
आणि माझ्याकडे पाहत राहिली,
एवढं साधं हिला कसं कळत नाही, अशी.

मी पेनाला टोपण लावलं.
तिच्याच पेन्सिलीनं रेघेची जागा दाखवली.
‘एवढीशीच, प्रोफे?’
एवढीशीच.
तिनं ती इतकी दाबून दिली
की पान फाटलं,
मागच्या बेरजेतल्या आठाला भोक पडलं.

आज सकाळी पुन्हा वही.
रेघ फार आवडलेली दिसते. एकही पापा सोडलेला नाही.
लिहिलंय, काल रात्री आईनं बापाला उकडलं.
साल काढून, मीठ लावून आम्ही चौघांनी खाल्लं.
थोडासा धाकट्यासाठी ठेवलाय.

मी हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
मग वर्ग हसला, का ते न कळताच,
मग एदुविनाही, सगळ्यांत मोठ्यानं,
मधला पडका दात दाखवत.

रेघ कुठे द्यायची नाही, हे शिकवायचं राहिलंय.
शिकवीन. तायता मे महिन्यात येऊन जाऊ दे.
त्याआधी ह्वामांगाहून साहेब येतील, वह्या चाळतील,
या पानाशी थांबतील,
विचारतील, बाई, हे तपासलं का नाही?

सांगेन,
साहेब, गारा पडत होत्या.