शीत

झाडगावच्या कोळंबी कारखान्यात रात्रपाळीला
पाणी पाच अंशांवर ठेवणं, एवढंच माझं काम.
पाच. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.
तेवढ्यात कॉम्प्रेसर दम खातो,
एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंचित मिटतो, किंचित उघडतो,
आणि खाली मिरकरवाड्याला होड्या
ओहोटीच्या चिखलात बसून राहतात.

बशीर वस्ता म्हणायचे, सेन्सर म्हणजे शीत.
अख्खं पातेलं कोण चाखतो?
एक शीत दोन बोटांत दाबायचं
आणि सगळ्या भाताबद्दल बोलायचं.
पहिला सेन्सर त्यांनीच बसवून घेतला माझ्याकडून,
पाइपाच्या पॉकेटात पांढरी पेस्ट भरून,
तळाला टेकेपर्यंत,
तापल्या पोराच्या काखेत थर्मामीटर धरावा तसा,
हलू न देता.

खाऱ्या वाऱ्याबद्दल मात्र काही बोलले नाहीत.
तो पॅनेलचं रबर जुमानत नाही.
तांब्याच्या टोकांवर हिरवं चढवतो,
रिलेच्या सांध्यांत शिरतो.
गणपतीनंतर, ऐन सीझनमध्ये,
फ्लो स्विचचं पातं असंच धरलं.
पाणी धो धो वाहतंय आणि हा म्हणतोय, नाही वाहत.
एका रात्रीत नऊ वेळा मशीन बंद.
दारात कंटेनर उभा, मॅनेजरचा फोन दर दहा मिनिटांनी.
मी वीतभर तार सोलली
आणि त्याच्या दोन टोकांना जोडून टाकली.
जम्पर म्हणतात त्याला.
खरं तर तोंडात बोळा.
उद्या काढू म्हटलं.

दिवाळी गेली.

मग त्या रात्री स्क्रीनवर नऊ पूर्णांक दोन.
मशीन शंभर टक्क्यांवर, तरी आकडा उतरेना.
कुंदा शिवलकर सोलायच्या हॉलमधून आली,
हातमोजे काखेत, बोटं जांभळाच्या रंगाची.
"पाणी चावतंय रे आज."
मी म्हटलं, "उलट गरम आहे. हे बघा, नऊ."
तिने बघितलं.
स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे.
मग परत गेली, टेबलावर ढीग होता.

साडेतीनला टक्.
भिंतीवरचा जुना लो-प्रेशर कटआउट,
गंजून तांबूस झालेला,
ना आकडा, ना दिवा, आत नुसती एक स्प्रिंग,
तो बोलला.
एवढी शांतता झाली की
मला माझ्या घड्याळाचा आवाज आला.

पाइपाला हात लावला तर हात चिकटला.
इन्सुलेशन फाडलं, तर सेन्सर पॉकेटाबाहेर,
दिवसपाळीच्या रंगाऱ्यांनी केबल ओढली असणार,
उकडत्या मशीनघराच्या हवेत लोंबत होता.
खोटं नव्हता बोलत.
जिथे होता तिथलंच सांगत होता, इमानाने.
शीत पातेल्याबाहेर सांडलेलं,
आणि आम्ही त्यावरून भात ओळखत होतो.

गाळणी उघडली. कोळंबीच्या सालांनी गच्च.
म्हणजे पाणी खरंच वाहत नव्हतं फारसं.
म्हणजे फ्लो स्विच त्या रात्री
खरं बोलला असता,
मी बोलू दिलं असतं तर.
इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बर्फ धरू लागला होता.
आणखी दहा मिनिटं, आणि नळ्या फुटून
पाणी गॅसमध्ये, गॅस पाण्यात.

लॉगबुकात कारणाचा रकाना दोन बोटं रुंद.
"सेन्सर निसटला" एवढं मावलं.
तार मावली नाही.
ती काढून शर्टाच्या खिशात टाकली,
धुण्यात सापडली तेव्हा बायकोने विचारलं, हे काय?
मी म्हटलं, काही नाही, कामाची आहे.

पातं घासून बसवलंय. अजून कधीकधी अडतं.
अडलं की मशीन थांबतं, मॅनेजर ओरडतो, मी गाळणी बघतो.
आणि पाळी सुरू होताना एकदा हॉलमध्ये जातो.
कुंदाकाकी मोजा काढून टाकीत हात घालते.
"पाच आहे का?" मी विचारतो.
"पाच-बीच तुझं तुला," ती म्हणते.
"माझी बोटं मला लागतायत."