वेष्टन

संग्रहालयाला कपडे देणारी माणसं
आधी ते धुतात, इस्त्री करतात,
आणि मी शोधते ते सगळं
साबणाच्या पाण्याबरोबर मोरीत सोडून येतात.

साल्मेबाई सायकलवरून आल्या,
कॅरियरला गाठोडं बांधून.
सोडलं, तर आत आजीचा लग्नातला घागरा:
नारिंगी, तांबडे, काळे पट्टे,
डांबरगोळीचा वास, एक डाग नाही.
असे चौतीस आहेत आमच्याकडे.
सारेमा बेटाची ही कपाटं उघडून पाहिली
तर कुणालाही वाटेल,
इथली माणसं जन्मभर बोहल्यावरच उभी होती,
बटाटे कुणी काढलेच नाहीत.

हातमोजे चढवले मी,
पण घागऱ्यासाठी नाही.
घागरा ज्यात गुंडाळला होता
ते राखाडी लोकरीचं जाकीट
टेबलाच्या कडेवरून खाली घसरत होतं.

बटणं पाच, तीन जातींची.
एक तर बटणच नाही, लाकडाची खुंटी.
कोपरांवर ठिगळं, ठिगळांवर ठिगळं,
सगळ्यात खालचं आता दोऱ्यांच्या आठवणीएवढंच.
काखेच्या शिवणीत माशाचा खवला.
खिशाचं अस्तर शाळेतल्या जुन्या नकाशाचं कापड,
फिक्या निळ्यात एका नदीचं अर्धं नाव;
बाकी अर्धं शिवणीत गेलेलं.
डाव्या बाहीची कड झिजून झालर झालेली,
उजवी जवळजवळ धड.

वीस वर्षं हेच करते आहे,
म्हणून जरा ऐटीतच म्हणाले,
"घालणारा डावखुरा होता."

साल्मेबाई हसल्या नाहीत.
माझ्याकडे पाहिलं फक्त,
पावाचं पीठ चुकीचं मळणाऱ्या पोरीकडे पाहावं तसं.
"आर्वो उजव्या हाताचाच.
उजवी बाही मी दोनदा बदलली.
एकदा सामूहिक शेतीच्या घोंगडीची,
एकदा माझ्याच कोटाची.
डावी मूळची आहे, सासूबाईंनी विणलेल्या कापडाची.
तिला हात लावायची वेळच आली नाही."

म्हणजे जे जास्त राबलं
ते तिथे उरलंच नव्हतं.
मी वाचत होते ती बाही,
जिच्यावर दिवस कमी गेले होते.

खिडकीबाहेर जुनिपरची झुडपं वाऱ्यानं एका अंगाला.
मी कॉफी केली. मग विचारलं,
घागऱ्याऐवजी हेच दिलंत तर?
त्यांना आधी कळलंच नाही.
कळलं तेव्हा कानापर्यंत लाल झाल्या:
"हे? लोकांना दाखवायला?
माझी वेडीवाकडी शिवण,
तीही रात्रीच्या दिव्यात घातलेली?
काचेच्या पेटीत?
शेजारची माइमू काय म्हणेल!"

मी समजवायचा प्रयत्न केला.
की मखमल सगळेच जपतात,
की चिंधीची आधी पायपुसणी होते, मग काहीच होत नाही,
की नवऱ्याच्या कोपराचा आकार
या दोन ठिगळांखेरीज जगात कुठेही नाही.
हे शेवटचं बोलायला नको होतं.
त्या थोडा वेळ गप्प राहिल्या
आणि ठिगळाच्या कडेला सुटलेला एक टाका
नखानं परत आत ढकलला.

मग म्हणाल्या, "आणि मी बटाटे कशात काढू?"

उठल्या. जाकीट अंगात घातलं.
त्यांना ते मोठं होतं; बाह्या दुमडल्या,
आधी उजवी. खुंटी काजात सरकवली न बघता,
जशी फक्त सवयीला सरकवता येते.
सायकल वळणापर्यंत दिसत राहिली.

कार्डावर लिहिलं:
घागरा, लग्नाचा, पट्ट्यांचा. क्रमांक पस्तीस.
खाली एक रकाना असतो, सहसा रिकामाच:
सोबतच्या वस्तू.
तिथे लिहिलं: जाकीट, राखाडी, पुरुषाचं.
वेष्टन म्हणून आलं.
देणारीनं परत नेलं. वापरात आहे.

टेबलावर खिशातून सांडलेली चिमूटभर माती.
ती नोंदवली नाही.
पुसलीही नाही,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत.